केराटोकोनस आणि लेन्स: एका नाशिककराच्या वहीतून, पायरी-पायरीने

तुमच्या हातात टोपोग्राफीचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या काचेच्या आकाराच्या नकाशाचा, रंगीत कागद आहे. हिरव्या-निळ्या गोलात मधोमध नाहीतर जरा खाली लालभडक डाग आहे. डॉक्टर ‘केराटोकोनस’ म्हणाले, ‘चष्म्याने नाही भागायचं, लेन्स बघू’ म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मीही असाच कागद घेऊन बाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो, आणि त्या वेळी मला कुणीतरी सांगायला हवं होतं ते इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही. अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दोन्ही डोळ्यांना केराटोकोनस आहे, आधी आरजीपी (लहान, कडक) लेन्स वापरल्या, आता स्क्लेरल (मोठ्या, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या) वापरतो. औषधं आणि ऑपरेशन यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. ही लेन्स दुकानातून आणायची नसते, बसवून घ्यायची असते. त्याला चार-पाच फेऱ्या लागतात, आणि त्या फेऱ्यांत तुम्ही जेवढं नेमकं सांगाल तेवढंच समोरच्याला कळतं. तक्त्यावरची खालची ओळ वाचता आली की काम झालं, असं सगळेच धरून चालतात. मीही आठ महिने तसंच धरून चाललो होतो.

१. कागदावरचे दोन आकडे ओळखा

कॉर्निया म्हणजे डोळ्याची सगळ्यात पुढची पारदर्शक काच. ती घुमटासारखी हवी. केराटोकोनसमध्ये ती पातळ होत जाते आणि पातळ झालेली जागा शंकूसारखी पुढे येते. रिपोर्टवर ‘के मॅक्स’ शोधा: कॉर्निया सगळ्यात जास्त जिथे वाकलाय तिथला आकडा, डायॉप्टरमध्ये. सर्वसाधारण डोळ्यात वक्रता ४३-४४ च्या आसपास असते. दुसरा आकडा सगळ्यात पातळ जागेच्या जाडीचा, मायक्रॉनमध्ये. चांगल्या कॉर्नियाची मधली जाडी साधारण ५४० असते.

माझ्या उजव्या डोळ्याचे आकडे आले ५६ आणि ४३८. कारखान्यात दहा मायक्रॉनने माप चुकलं तर मी त्या पार्टला लाल टॅग लावून बाजूला काढतो, आणि इथे माझाच पार्ट शंभर मायक्रॉनने कमी.

चष्मा का चालत नाही, तेही समजून घ्या. चष्म्यातला सिलिंडर नंबर एकसारख्या वाकडेपणासाठी असतो: एक अक्ष जास्त वाकलेला, त्याला काटकोनात दुसरा कमी वाकलेला. आपला वाकडेपणा असा सरळमार्गी नसतो, वर एक आणि खाली वेगळाच. म्हणून चष्म्याचा नंबर कितीदाही बदलून घेतला तरी समाधान होत नाही. आजार अगदी सुरुवातीचा असेल तर चष्मा पुरतोही. तसं असेल तर उगाच लेन्सच्या मागे लागू नका.

सापळा: एका मशीनवरचा आकडा दुसऱ्या मशीनवरच्या आकड्याशी ताडू नका. गेज बदललं की रीडिंग बदलतं. शक्य असेल तर दर वेळी त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर तपासणी करा.

२. आधी विचारा: वाढतंय का?

लेन्सने दिसतं, पण केराटोकोनस थांबत नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार जण करतात. वाढ थांबवायला सीथ्रीआर करतात, म्हणजे कोलॅजन क्रॉसलिंकिंग. डोळ्यात रायबोफ्लेविनचे, म्हणजे जीवनसत्त्व ब-२ चे थेंब घालतात आणि मग अतिनील प्रकाश देतात. मूळ पद्धतीत अर्धा तास थेंब आणि अर्धा तास प्रकाश असतो, आणि त्यासाठी कॉर्निया निदान ४०० मायक्रॉन जाड लागतो. त्याहून पातळ असेल तर वेगळ्या पद्धती आहेत, त्या डॉक्टर सांगतील. नंबर जाईल या आशेने सीथ्रीआर करू नका. आहे ते टिकवणं हाच त्याचा हेतू. झाल्यावर कॉर्नियाचा आकार काही महिने थोडाथोडा बदलत राहतो, त्यामुळे लेन्सचं माप कधी घ्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. घाई केलीत तर लेन्सचे पैसे दोनदा जातील.

आणि लेसिक नको. कुणी ‘चष्मा घालवून देतो’ म्हणालं तर आधी टोपोग्राफी पुढे करा. आधीच पातळ असलेला कॉर्निया आणखी तासायचा नसतो.

डोळे चोळणं आजपासून बंद. लहानपणापासून मला ॲलर्जी होती, डोळे खाजायचे, आणि मी मनगटाच्या हाडाने ते असे रगडायचो की आई ओरडायची, “अरे, डोळे आहेत का कणीक?” तिला केराटोकोनस ठाऊक नव्हतं, पण म्हणत होती ते बरोबर होतं. खाज येत असेल तर ॲलर्जीचा उपचार डॉक्टरांकडून घ्या. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असू शकतं, आणि ते महिनोनमहिने घातल्याने डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो.

३. कुठे जायचं आणि सोबत काय न्यायचं

नाशकात डोळ्यांचे दवाखाने भरपूर आहेत, पण सगळीकडे केराटोकोनसच्या लेन्स बसवत नाहीत. गाडी काढण्याआधी फोन करा आणि विचारा: टोपोग्राफी तिथेच होते का? आरजीपी आणि स्क्लेरल, दोन्हींचे ट्रायल सेट आहेत का? लेन्स बसवणारे ऑप्टोमेट्रिस्ट आठवड्यातून कोणत्या वारी येतात? लेन्स जमली नाही तर बदलून मिळते का, किती दिवसांत, किती वेळा? शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. मी लाजलो, आणि पहिल्या जोडीतली एक लेन्स पदरचे पैसे घालून पुन्हा बनवून घ्यावी लागली. आरजीपी काही हजारांत होते, स्क्लेरल त्याच्या कितीतरी पट जाते. म्हणून ट्रायलची फी, लेन्सची किंमत आणि पुढच्या फेऱ्यांची फी वेगवेगळी लिहून मागा. मेडिक्लेममध्ये लेन्स बसते का, हे एजंटला तोंडी विचारून भागत नाही. पॉलिसीच्या कागदात बघा.

इथे जमलं नाही तर मुंबई आहेच. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जायचं आणि संध्याकाळी तिनेच परत यायचं. एका दिवसात ट्रायल उरकते. पुण्याला रस्त्याने जाणार असाल तर स्वतः गाडी चालवत जाऊ नका. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर परतीला संगमनेरपर्यंतसुद्धा नीट दिसणार नाही.

सोबत न्यायच्या गोष्टी:

- आतापर्यंतच्या सगळ्या टोपोग्राफी, तारखेप्रमाणे लावलेल्या. रंगीत प्रतीच न्या; काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर लाल आणि निळा सारखेच दिसतात
- सीथ्रीआर झालं असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड
- जुना चष्मा, जुन्या लेन्स आणि त्यांची कार्डं
- सध्या घालत असलेल्या थेंबांच्या बाटल्या (नावं लक्षात राहत नाहीत, बाटल्याच न्या)
- ओळखपत्र आणि पॉलिसीची प्रत
- गॉगल आणि सोबतीला एक माणूस
- पुढच्या पायरीत सांगितलेली वही

आधीपासून लेन्स वापरत असाल तर टोपोग्राफीआधी त्या काही दिवस काढून ठेवाव्या लागतात. सॉफ्ट असेल तर साधारण आठवडा, कडक असेल तर दोन-तीन आठवडे. लेन्सने कॉर्निया दबलेला असतो, आणि काल काढून आज माप दिलंत तर ते माप लेन्सने दाबलेल्या आकाराचं येतं. कामावर दांडी मारणं परवडत नसेल तर एका वेळी एका डोळ्याची लेन्स बंद ठेवायची का, हे विचारा. मी तसंच केलं.

४. तुम्हाला काय दिसतं ते वहीत काढा

ही पायरी कुणी सांगत नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

दवाखान्यातला तक्ता ही सोपी परीक्षा आहे. लखलखीत पांढऱ्यावर काळीकुट्ट अक्षरं, आणि ६/६ म्हणजे सर्वसाधारण माणूस सहा मीटरवरून वाचतो ती ओळ तुम्हीही सहा मीटरवरून वाचली. पण ती ओळ तुम्ही स्वच्छ वाचली की सावल्यांतून ओळखून काढली, हे तक्ता सांगत नाही. आपण केराटोकोनसवाले ओळखून काढण्यात तरबेज असतो. वर्षानुवर्षं तेच केलेलं असतं. सिटीलिंकच्या बसचा नंबर आपण वाचत नाही, बसचा रंग, वेळ आणि पहिल्या आकड्याचा आकार यांवरून ताडतो.

हे करून बघा. रात्री खोलीतला दिवा बंद करा. फोनच्या पूर्ण काळ्या स्क्रीनवर मधोमध एक बारीक पांढरा ठिपका ठेवा. फोन दोन-तीन मीटरवर उभा करा. एक डोळा झाका आणि दिसतं तसं कागदावर काढा. एकच ठिपका दिसतो की चार-पाच? शेपटी आहे का, वर की खाली, डावीकडे की उजवीकडे? मग दुसरा डोळा. माझ्या उजव्या डोळ्याला ठिपक्याच्या जागी धूमकेतू दिसायचा, डाव्याला शेवंतीचं फूल. डोळ्यांच्या भाषेत त्या धूमकेतूला ‘कोमा’च म्हणतात, आणि केराटोकोनसमध्ये हाच दोष सगळ्यात ठळक असतो.

दुसरी चाचणी: जाडसर पुठ्ठ्याला सुईने बारीक भोक पाडा आणि त्यातून कॅलेंडर वाचा. भोकातून एकदम स्वच्छ दिसलं तर तुमची अडचण बहुतेक आकाराची आहे, आणि लेन्सने फरक पडायला वाव आहे. भोकातूनही धूसर दिसलं तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. कॉर्नियावर व्रण किंवा आणखी काही कारण असू शकतं.

तिसरं, प्रसंग लिहा. ‘अंधुक दिसतं’ असं लिहू नका. लिहा: ‘संध्याकाळी सातनंतर मुंबई नाक्यावर समोरच्या गाडीचे दिवे पसरतात, मोटरसायकल एक आहे की दोन कळत नाही.’ ‘व्हर्नियरच्या रेघा दुहेरी दिसतात.’ ‘मोबाइलवर काळ्यावर पांढरी अक्षरं जास्त पसरतात, पांढऱ्यावर काळी बरी वाटतात.’ रात्री जास्त त्रास का होतो, तर अंधारात बाहुली मोठी होते आणि कॉर्नियाचा जास्त वाकडातिकडा भाग कामाला लागतो.

आता माझे आठ महिने. पहिली आरजीपी घातली आणि तक्त्यावर ६/९ ची ओळ खाडखाड वाचली. फाइलमध्ये आकडा लिहिला गेला, सगळे खूश, मीही खूश. त्या रात्री द्वारका चौकात स्कूटरवर थांबलो होतो, तर लाल सिग्नलला अजूनही शेपटी. फक्त तिची दिशा उलटी झाली होती: आधी खाली ओघळायची, आता वर उडत होती. वाटलं, आता आपल्या नशिबात एवढंच. आठ महिन्यांनी सहज बोललो, तेव्हा दुसऱ्या ऑप्टोमेट्रिस्टने दोन गोष्टी सांगितल्या. एक, कडक लेन्सखाली अश्रूंचा थर कॉर्नियाचे खळगे भरून काढतो, त्यामुळे पुढच्या पृष्ठभागाचा दोष बराचसा झाकला जातो. पण कॉर्नियाची मागची बाजूही वाकडी असते, ती झाकली जात नाही. आणि तिचा दोष पुढच्याच्या उलटा असतो, म्हणून शेपटी उलटते. हा भाग राहणारच. दोन, माझी लेन्स डोळ्यावर खाली घसरून बसत होती आणि थोडा सिलिंडर नंबर शिल्लक होता. हा भाग मात्र दुरुस्त होण्यासारखा होता. माप बदललं, लेन्स मधोमध आली आणि शेपटी निम्म्यावर आली.

‘हे राहणारच’ आणि ‘हे सुधारेल’ यांतला फरक तुम्हाला घरी बसून कळणार नाही. म्हणून वही न्या.

५. लेन्सचे प्रकार

सॉफ्ट लेन्स: सौम्य केराटोकोनसला टोरिक, म्हणजे सिलिंडर नंबरची, सॉफ्ट चालते, आणि केराटोकोनससाठी मुद्दाम जाडसर बनवलेल्याही मिळतात. घालायला सगळ्यात आरामदायी. पण मऊ लेन्स कॉर्नियावर कापडासारखी पसरते आणि त्याचा वाकडेपणा स्वतःही घेते, त्यामुळे शंकू वाढलेला असेल तर उपयोग थोडा.

आरजीपी: लहान कडक लेन्स, साधारण नऊ-दहा मिलिमीटरची, शर्टाच्या बटणाहून लहान. प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या प्लास्टिकची. केराटोकोनससाठी तिचे खास आकार निघाले आहेत. न्यूझीलंडच्या पॉल रोझ यांची ‘रोझ के’ त्यांतली सगळ्यांना ठाऊक असलेली. सवय व्हायला वेळ लागतो, पण दिसतं छान. धुळीचा कण खाली गेला की मात्र भर रस्त्यात डोळा मिटून उभं राहावं लागतं.

पिगीबॅक: खाली सॉफ्ट, वर आरजीपी. आरजीपी बोचणाऱ्यांसाठी. दोन लेन्सची निगा, दोन प्रकारचं द्रावण. हायब्रिड लेन्स मधे कडक आणि कडेने मऊ असते. ती मी वापरलेली नाही.

स्क्लेरल: कोटाच्या बटणाएवढी मोठी, साधारण १५ ते १८ मिलिमीटर. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि कॉर्नियावर कमान धरते. मधल्या पोकळीत सलाइन भरायचं असतं, त्यामुळे कॉर्नियाला लेन्सचा स्पर्शच होत नाही. कल्पना नवी नाही. १८८८ साली पॅरिसमध्ये यूजीन काल्ट यांनी केराटोकोनसच्या पेशंटना काचेच्या वाट्या बसवून बघितल्या होत्या. काचेतून प्राणवायू जात नाही म्हणून तेव्हा त्या फार वेळ घालता येत नसत. आताच्या प्लास्टिकमुळे दिवसभर घालता येतात.

माझं मत विचाराल तर सगळ्यात महागडीपासून सुरुवात करू नका. आरजीपी चांगली बसत असेल तर तिच्यात काही कमी नाही. मी स्क्लेरलकडे वळलो ते ग्राइंडिंगच्या धुळीमुळे. शॉपफ्लोअरवर दिवसातून तीनदा लेन्स काढून धुवावी लागायची, आता एकदाही नाही. पण आरजीपी बोचत असताना ‘होईल सवय’ म्हणत वर्ष काढणंही चूक. शंकूच्या टोकावर लेन्स सतत घासत राहिली तर तिथे व्रण होऊ शकतो.

६. ट्रायलचा दिवस

अर्धा दिवस मोकळा ठेवा. ‘लंचमध्ये जाऊन येतो’ असं साहेबांना सांगून जाऊ नका.

पहिल्यांदा लेन्स डोळ्याजवळ येते तेव्हा पापणी आपोआप मिटते. मला बसवणाऱ्या ताई चार वेळा म्हणाल्या, “दादा, खाली बघा. आणखी खाली. स्वतःच्या गुडघ्याकडे.” पाचव्या वेळी गेली. डोळ्यातून पाण्याच्या धारा, नाक गळतंय, आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे एकाएकी एकेरी. तोपर्यंत मला वाटायचं की भिंतीवरच्या घड्याळांचे काटे लांबून दुहेरी दिसतात ते सगळ्यांनाच.

मग पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात बघतात. लेन्स कुठे टेकते, कुठे जास्त पाणी साठतं, ते त्या रंगावरून कळतं. लेन्स स्थिरावायला निदान अर्धा तास द्या. स्क्लेरल हळूहळू आणखी खाली बसते, म्हणून ती घालून दोन-तीन तासांनी पुन्हा बघतात. त्या वेळात बाहेर पडा. दुकानांच्या पाट्या वाचा, झाडाच्या सावलीत उभे राहा, रसवंतीच्या दरफलकावरचे आकडे वाचा, फोन वाचा. परत आल्यावर लेन्सवरून नंबर काढतात. त्या वेळी ‘हे चांगलं की ते?’ या प्रश्नाला दोन्ही सारखेच वाटले तर ‘सारखेच’ म्हणा. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

सापळे दोन. डोळा बधिर करायचा थेंब घालून लेन्स घातली असेल तर आरामाचा अंदाज खोटा येतो. थेंब घातलाय का, विचारा. आणि निघताना लेन्सची सगळी मापं लिहून मागा: बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूची वक्रता), पॉवर, व्यास, मटेरियल, डिझाइनचं नाव. तो तुमचा कागद आहे. उद्या लेन्स हरवली किंवा गाव बदललं तर त्याच्याशिवाय सुरुवात पुन्हा शून्यापासून.

७. घरी पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशी दोन-तीन तास, मग रोज तास-दीड तास वाढवत न्या. तुम्हाला दिलेलं वेळापत्रक वेगळं असेल तर तेच पाळा. झोपताना लेन्स काढायची, दुपारच्या डुलकीलासुद्धा.

लागणाऱ्या वस्तू: लेन्सला चालणारं द्रावण, स्क्लेरल असेल तर बिनप्रिझर्व्हेटिव्ह सलाइनच्या एकवेळच्या छोट्या कुप्या, डबी, घालायचा आणि काढायचा रबरी प्लंजर, छोटा आरसा, धागे न सुटणारा नॅपकिन.

बेसिनच्या भोकावर आधी जाळी किंवा ओला रुमाल ठेवा. मी न ठेवता उजवी लेन्स धुवायला गेलो, ती बोटावरून निसटली आणि गोल फिरत आत गेली. रात्री साडेदहाला बेसिनखालचा बॉटल ट्रॅप उघडून, बायकोने धरलेल्या टॉर्चच्या उजेडात गाळ चाळत बसलो. सापडली, पण ती काही पुन्हा डोळ्यात घातली नाही.

नळाचं पाणी लेन्सला, डबीला, प्लंजरला, कशालाच लावू नका. गंगापूर धरणाचं पाणी प्यायला कितीही गोड असलं तरी नळाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सच्या आडून कॉर्नियात शिरला तर महिनोनमहिने उपचार चालतात. हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा, मगच लेन्सला हात. मिसळीची तर्री किंवा ठेचा हाताला लागला असेल तर दोनदा धुवा. एकदा धुऊन भागत नाही हे मी अनुभवाने सांगतो.

स्क्लेरल घालायची रीत: टेबलावर नॅपकिन, त्यावर आरसा आडवा. प्लंजरवर लेन्स वाटीसारखी ठेवा आणि काठोकाठ सलाइन भरा. चेहरा जमिनीला समांतर होईल एवढे वाका, दोन्ही पापण्या ताणून धरा आणि लेन्स सरळ वर न्या. सलाइन थोडं सांडतं, ते सांडायलाच हवं. आत हवेचा बुडबुडा राहिला तर काढा आणि पुन्हा घाला. ‘जाईल आपोआप’ म्हणू नका, जात नाही. काढताना प्लंजर लेन्सच्या मधोमध लावू नका, काठाजवळ लावा आणि काठ आधी उचला. आणि प्लंजर लावण्याआधी लेन्स डोळ्यात आहे ना, याची खात्री करा. हसू नका, घाईत सगळं होतं.

उजवी-डावी अदलाबदल फार होते. नेहमी उजवीपासून सुरुवात करा.

दुपारी दोन-तीनच्या सुमाराला स्क्लेरलमागे धुकं साठल्यासारखं वाटलं तर काढून, ताजं सलाइन भरून पुन्हा घाला. रोजच होत असेल तर पुढच्या फेरीत सांगा, काठाचं माप बदलून ते कमी होऊ शकतं.

८. नाशकात राहायचं तर

रंगपंचमीला तिवंधा चौकात नाहीतर शनी चौकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा (उडी) मारायचा असेल तर लेन्स घरी डबीत ठेवून जा. रामकुंडावर डुबकी मारतानाही तेच, आणि २०२७ च्या सिंहस्थात पाहुण्यांना घेऊन घाटावर जाल तेव्हाही. पोहण्याच्या तलावात तर नाहीच.

निफाड, दिंडोरीकडे द्राक्षबाग असेल तर भुरीसाठी गंधकाची फवारणी चालू असताना आणि घड जीएमध्ये (जिबरेलिक ॲसिडमध्ये) बुडवताना लेन्स नको. चष्म्यावर काम भागवा आणि वरून बंद गॉगल घाला. एमआयडीसीवाल्यांनी लेन्स आहे म्हणून सेफ्टी गॉगल सोडू नये. थंडीत पहाटे दुचाकीवर वारा लागून डोळे कोरडे पडतात, हेल्मेटची काच खाली ठेवा. नव्या लेन्सवर पहिला महिना कसारा घाटात रात्री गाडी चालवू नका. पावसात समोरच्या ट्रकचे दिवे ओल्या काचेवर पसरतात आणि तुमच्या डोळ्यातही पसरतात. कोणतं पसरणं कुठलं, ते कळत नाही.

९. हे झालं तर त्याच दिवशी डॉक्टर

डोळा लाल, दुखतोय, उजेड सहन होत नाही, घाण येतेय, किंवा लेन्स काढल्यावरही दिसणं खालावलंय: लेन्स काढा, पुन्हा घालू नका आणि त्याच दिवशी दाखवा. जाताना लेन्स आणि डबी सोबत न्या, जंतुसंसर्ग वाटला तर त्यांचीही तपासणी करता येते. एकाएकी एका डोळ्याला धुकं आलं, डोळा दुखायला लागला आणि बुबुळावर पांढुरका ढग दिसला तर कॉर्नियाचा आतला पडदा फाटून पाणी आत शिरलेलं असू शकतं. त्याला हायड्रॉप्स म्हणतात. मेडिकलमधून ‘लाल डोळ्याचे थेंब’ आणून रविवार काढू नका.

१०. वर्षाची फेरी

सगळं ठीक असलं तरी वर्षातून एकदा टोपोग्राफी करा, वय कमी असेल तर डॉक्टर त्याहून लवकर बोलावतील. लेन्सवर ओरखडे आणि थर साठतात. आरजीपी साधारण दीड-दोन वर्षांनी बदलावी लागते, तेवढे पैसे बाजूला टाकत राहा. एक चष्मा, कसाबसा दिसणारा का असेना, घरात असू द्या. लेन्स घालता येत नाही असे दिवस येतात. आणि ठिपक्याचं ते चित्र दर वर्षी नव्याने काढून त्याच वहीत ठेवा; माझ्याकडे पाच आहेत आणि डॉक्टर आता रिपोर्टआधी तीच मागतात.

घरातल्यांची तपासणी राहून जाते. केराटोकोनस कधीकधी घराण्यात चालतो, म्हणून सख्ख्या भावंडांची आणि मुलांची एकदा टोपोग्राफी करून घ्या, विशेषतः दहा ते पंचविशीतल्यांची. माझ्या धाकट्या भावाला मी मागच्या मे महिन्यात जवळजवळ ओढतच नेला. त्याची जाडी ५३१ आली, नकाशा हिरवागार. तरी तो टीव्हीसमोर डोळे चोळताना दिसला की आई आता कणकेचं ते वाक्य त्याला ऐकवते.